परकार सरांचा आवाज

परकार सर उभं राहून शिकवायचे. समोर वर्ग असो, नसो. टाळेबंदीनंतर आमच्या खोपोलीच्या कॉलेजातलं दूरशिक्षण केंद्र सगळंच्या सगळं मोबाइलच्या पडद्यावर गेलं, तेव्हा बाकीचे प्राध्यापक खुर्चीत बसून, काही पलंगावर टेकून आणि एक जण तर चालत्या गाडीच्या मागच्या सीटवरून शिकवू लागले. परकार सरांनी घरातल्या इस्त्रीच्या टेबलाखाली विटा सरकवून ते उंच केलं, त्यावर लॅपटॉप ठेवला आणि इस्त्रीचा शर्ट, पट्टा, पॉलिश केलेले बूट अशा थाटात त्याच्यापुढे उभे राहिले. बूट कॅमेऱ्यात दिसत नाहीत, असं मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मला दिसतात ना."

ते अर्थशास्त्र शिकवत. दिवसा कॉलेजातल्या पोरांना, संध्याकाळी दूरशिक्षणवाल्यांना. घराणं मूळचं म्हसळ्याकडचं, कोकणी मुसलमान. वडिलांनी शिळफाट्याला घड्याळदुरुस्तीचं दुकान टाकलं तेव्हापासून खोपोलीकर. नवे लोक त्यांना हटकून म्हणत, "सर, तुमचं मराठी किती छान आहे हो." त्यावर ते शांतपणे म्हणत, "तुमचंही बरं आहे."

त्यांच्या आवाजाबद्दल काय सांगायचं? एकदा सव्वीस जानेवारीला त्यांचं भाषण चालू असताना माइक बंद पडला आणि ते कोणालाच कळलं नाही, माइकवाल्यालासुद्धा. मी त्याच कॉलेजात ग्रंथपाल. ग्रंथालय आणि त्यांचा वर्ग यांच्यामध्ये एक लांबलचक व्हरांडा होता, तरी मागणीचा नियम मला पाठ आहे. तो ते नेरळ स्टेशनाबाहेर करवंदं विकणाऱ्या बाईवरून समजावत. माथेरानला निघालेल्या पर्यटकाला सकाळी ती द्रोणाचा जो भाव सांगते, तो संध्याकाळी उतरणाऱ्याला का सांगत नाही? वर्ग गप्प. मग तेच उत्तर देत. त्यांच्या वर्गात उत्तरं तेच देत, कारण त्यांचा एकच कायदा होता: मी बोलत असताना कोणी बोलायचं नाही. शंका शेवटी. शेवटी ते विचारत, "समजलं?" आणि अख्खा वर्ग एका सुरात म्हणे, "समजलं सर." या दोन शब्दांवर त्यांचा आंधळा विश्वास होता. तास संपवून व्हरांड्यातून येताना त्यांच्या चेहऱ्यावर जेवून उठलेल्या माणसाचं समाधान असे.

दूरशिक्षणाचे विद्यार्थी म्हणजे विद्यार्थी म्हणावेत अशा वयाचे नसत. कारखान्यात पाळ्या करणारे, माथेरानच्या हॉटेलात ताटं उचलणारे, नेरळच्या नव्या सोसायट्यांमध्ये घरकाम करणाऱ्या बाया, कुठे लग्नामुळे, कुठे बापामुळे दहावीला थांबलेले. सर त्या सगळ्यांना अहोजाहो करत. पोरांना अरेतुरे आणि मोठ्यांना अहोजाहो, इतकाच फरक. कायदा दोघांनाही एकच.

पडद्यावरचा वर्ग सुरू होण्याआधी संस्थेनं आम्हाला प्रशिक्षण दिलं होतं. मुंबईहून एक तरुण आला. तो विद्यार्थ्याला लर्नर, वर्गाला स्पेस आणि शिकवण्याला डिलिव्हरी म्हणत होता. त्यानं एक डॅशबोर्ड दाखवला. कोण किती वेळ हजर होतं, कोणी किती संदेश लिहिले, कोणी तासाला किती तारे दिले, हे सगळं त्यावर रंगीत खांबांमध्ये दिसे. कोणाला काय कळलं याचा खांब नव्हता. मी तसं विचारलं तर तो म्हणाला, पुढच्या आवृत्तीत येतोय. संस्थेचे कार्याध्यक्ष भाऊसाहेब पहिल्या रांगेत बसून मान डोलावत होते. भाऊसाहेबांचा शिक्षणाशी संबंध संस्थेच्या जमिनीपुरता होता, पण खांब उंच की बुटका हे त्यांना तिथल्या तिथे कळलं.

परकार सरांना मात्र हे यंत्र मनापासून आवडलं. हजेरी आपोआप लागते, कोणी खिडकीबाहेर बघत नाही, मागच्या बाकावर कुजबुज नाही. सगळ्यांचे माइक बंद ठेवायचं एक बटण आहे, हे कळल्यावर ते म्हणाले, "हे आधी का नाही निघालं?"

सुरुवातीच्याच एका तासाला तो प्रसंग घडला, ज्याची पुढे आम्हाला फार आठवण झाली. शिकवणं रंगात आलं असताना कारखान्यातल्या एका विद्यार्थ्यानं चॅटमध्ये लिहिलं, "आवाज येत नाय." सर थांबले. बाकीच्यांना येतोय का, विचारलं. बाकीच्यांना येत होता. मग ते त्या विद्यार्थ्याला उद्देशून बोलले, म्हणजे ज्याला ऐकू येत नव्हतं त्यालाच, "आवाज तुमच्याकडे पोचत नसेल तर दोष आवाजाचा नाही. आपलं यंत्र तपासा. चाळीस जणांचा तास एकाच्या फोनपायी थांबणार नाही." हे त्याला नाही, पण उरलेल्या सगळ्यांना खणखणीत ऐकू गेलं. त्यानंतर चॅटमध्ये फक्त शेवटचं "समजलं सर" येऊ लागलं. सर खूश होते. वर्गाला शिस्त लागली होती.

मग भाऊसाहेबांच्या हस्ते सगळ्या शिक्षकांना संस्थेचं बोधचिन्ह छापलेले हेडफोन वाटण्यात आले. वाटपाचा सोहळा इतका लांबला, की हेडफोन कसा वापरायचा हे सांगायला वेळ उरला नाही. त्याच आठवड्यात परकार सरांनी चलनवाढीचं प्रकरण घेतलं. ते त्यांचं लाडकं प्रकरण. ते शिकवताना त्यांचे हात आपोआप वर जात. घरी भाभींनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, तक्रार केली, की नवा हेडफोन कानात घातल्यापासून यांचा आवाज जास्तच चढलाय, अख्ख्या इमारतीला ऐकू जातंय. ते खरं होतं. खालचा वॉचमनसुद्धा मला एकदा गेटवर म्हणाला, "पैशाची किंमत कमी व्हते म्हंजे काय, सरांनी काय भारी सांगितलं वो."

प्रकरण संपलं आणि दोन-चार दिवसांत सुगंधा पारधी कॉलेजात आली.

कशेळ्याच्या पुढे डोंगराला चिकटून एक ठाकरवाडी आहे, ती तिथली. तिशीतली बाई. वाडीतल्या अंगणवाडीत मदतनीस होती. पोरांना घरून गोळा करून आणायचं, खिचडी शिजवायची, भांडी घासायची. तिथल्या सेविका वर्षभरात निवृत्त होणार होत्या, आणि बारावी झाली असती तर सुगंधाला त्यांच्या जागी लागता आलं असतं. बाकीच्या विषयांची तिला धास्ती नव्हती. अर्थशास्त्राची होती. इतक्या लांबून ती खोपोलीला कधी येत नसे. दाराबाहेर चपला काढून ती उभी राहिली, आणि सरांनी "या, या" म्हटलं तरी उंबऱ्यातच थांबली. पदराच्या गाठीतून तिनं फोन काढला.

"सर, एक इचारायचं व्हतं. रागावू नका."

"बोला ना."

"तुमचा आवाज येल असा फोन कोंचा घ्यावा लागंल?"

सरांना प्रश्न कळला नाही. मलाही नाही. मग तिनं सांगितलं, ते असं. चलनवाढ सुरू झाल्यापासून तिच्या फोनवर सर दिसत होते, पण आवाज नव्हता. ती कर्जतच्या दुकानात दोनदा जाऊन आली. दुकानदारानं त्याच फोनवर गाणं लावून दाखवलं, स्पीकर ठणठणीत आहे म्हणाला. मग तिनं दिराचा फोन मागून आणला. त्यावरही सर मुकेच. तेव्हा तिनं ओळखलं, की वाडीतल्या फोनांची ती ताकदच नाही. सरांच्या आवाजाला मोठा फोन लागत असणार. बाकीच्यांचे तसे असतील, कारण तासाच्या शेवटी सगळे समजलं म्हणत होते.

"तुम्ही काय लिहीत होता?" सरांनी विचारलं.

"सगळ्यांनी लिवलं, मंग मी पन लिवलं."

सर म्हणाले, "चौकशी करून सांगतो." ती बरं म्हणून गेली.

आम्ही रेकॉर्डिंग उघडलं. पडद्यावर परकार सर उभे होते. हात वर जात होते, भुवया उंचावत होत्या, विनोदाच्या जागी ते हसण्यासाठी थांबत होते, आणि कुठलाही आवाज नव्हता. "पुढचा तास लावा," ते म्हणाले. पुढचाही तसाच. त्याच्या पुढचाही. आम्ही चलनवाढ शेवटपर्यंत पाहिली. प्रत्येक तासाखाली चॅटमध्ये एकाखाली एक: समजलं सर, समजलं सर, समजलं सर.

दोष सापडायला वेळ लागला नाही. हेडफोनच्या वायरीवर माइक बंद करायची एक बारीक खुंटी होती. वायर लोंबू नये म्हणून सर ती शर्टाच्या खिशात पेनामागे खोचत. तिथे खुंटी सरकत होती. पडद्यावर मात्र माइक हिरवाच दिसत होता, कारण लॅपटॉपच्या मते सगळं सुरळीत होतं. आणि चाळीस जणांपैकी प्रत्येकानं असं धरून चाललं होतं, की फोन आपलाच खराब आहे, रेंज आपल्याच घरी नाही, आणि ही गोष्ट चारचौघांत सांगण्यासारखी नाही.

मला हसू येत होतं. सरांचा चेहरा पाहून ते राहिलं. ते म्हणाले, "ग्रंथपाल, वर्गातसुद्धा असंच होत असेल का हो?"

मी खुंटीशी खेळत राहिलो. व्हरांडाभर ऐकू जाणाऱ्या त्या शिकवण्याला इतकी वर्षं मीही शिकवणंच समजत आलो होतो.

त्याच दिवशी ते प्राचार्यांकडे गेले. प्राचार्यांच्या टेबलावर त्यांच्याविषयीच कागद पडले होते. डॅशबोर्डवर संस्थेच्या सगळ्या कॉलेजांमध्ये सर्वांत उंच खांब आमच्या चलनवाढीचा होता. तास सोडून कोणी गेलेलं नाही, शंका कोणाला नाही, सगळ्यांचे पाचपैकी पाच तारे. आवाज येत नसताना तास सोडून जायला जे धाडस लागतं ते आमच्या विद्यार्थ्यांत नव्हतं, आणि यंत्रानं त्याची नोंद रस म्हणून केली होती. भाऊसाहेबांनी आदर्श ई-शिक्षक म्हणून परकार सरांचा सत्कार ठरवला होता.

सरांनी सगळं सांगितलं. प्राचार्य माणूस वाईट नव्हता, नुसता प्राचार्य होता. ते म्हणाले, केंद्राची मान्यता नूतनीकरणाला गेली आहे, सोबत हाच अहवाल गेला आहे. आता हा खोटा म्हणायचा, तर बाकीचे खरे कशावरून? केंद्र बंद झालं तर ही माणसं कुठे जाणार? तुम्ही प्रकरण पुन्हा शिकवा, पण गाजावाजा नको. सरांना ते पटलं. पटण्यात त्यांची थोडी सोय होती, हे त्यांनीच मला पुढे सांगितलं.

गाजावाजा नको म्हणून गटावर संदेश गेला: चलनवाढ या प्रकरणाची उजळणी. भातकापणीचे दिवस होते. उजळणी म्हणजे एकदा शिकवलेलंच पुन्हा, आणि ते तर बाकीच्यांना समजलेलं आहे. मग एवढ्यासाठी कापणी सोडून कोण येतं? मोजके लोक आले. सुगंधा आली नाही. ज्या आवाजाला मोठा फोन लागतो तो पुन्हा न ऐकण्यासाठी डोंगरावर रेंज शोधत का बसायचं? सर चौकशी करून सांगणार होते, त्याची ती वाट बघत होती. तिचा फोन चांगला आहे, एवढंच एक वाक्य तिला कळवायला हवं होतं. पण त्या वाक्यामागून दुसरं वाक्य आपोआप आलं असतं, आणि ते सरांच्या तोंडून निघेना. इतका बोलणारा माणूस. सत्कार होऊ दे, मग सांगतो, असं म्हणाले.

सत्कार झाला. खुर्च्या भरायला दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्यांना बोलावलं होतं. सुगंधाही आली होती, लग्नाला घालतात तसली साडी नेसून. सर्वोत्तम तासाची चित्रफीत दाखवायची होती. फितीला आवाज नाही हे आयोजकांच्या लक्षात आलं, पण त्यानं कोणी अडलं नाही. मागे बासरीची धून लावण्यात आली. पडद्यावर परकार सर बासरीच्या सुरावर हात वर नेत होते, भुवया उंचावत होते. माझ्या मागे एक कारखान्यातला पठ्ठ्या शेजाऱ्याला हळूच म्हणाला, "हा तास मला आठवतो. पन त्यात बासरी नव्हती."

भाऊसाहेबांनी शाल घातली. मग सरांना दोन शब्द बोलायला सांगितलं. सर माइकपाशी गेले, खाली बसलेल्या आपल्या वर्गाकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि तसेच परत आले. सूत्रसंचालिका म्हणाली, सर भारावून गेले आहेत. प्रचंड टाळ्या पडल्या. तिसऱ्या रांगेत सुगंधा हात उंच करून टाळ्या वाजवत होती.

परीक्षेत चलनवाढीवर मोठा प्रश्न आला. सुगंधा बाकी सगळ्या विषयांत पास झाली, अर्थशास्त्रात गेली. पुरवणी परीक्षेची वाट बघायला अंगणवाडीला सवड नव्हती. जागा भरली गेली.

त्यानंतर सरांनी वर्गातला कायदा मोडला, असं सांगता आलं असतं तर मला आवडलं असतं. त्यांनी मोडायचा प्रयत्न केला. मध्येच थांबून ते विचारत, कोणाला काही विचारायचंय का? पोरं एकमेकांकडे बघत. सरांची तब्येत बरी नाही असं त्यांनी ठरवलं. निवृत्तीला थोडे महिने राहिले होते. ते महिने सरले, आणि सर मुलीकडे, दुसऱ्या गावी राहायला जायची तयारी करू लागले. जाण्याआधी एके सकाळी त्यांचा फोन आला: वाडीवर जायचंय, सोबत याल का?

पावसाळा सरला होता. अंगणवाडीसमोर सुगंधा पातेलं घासत होती. आम्हाला बघून हात पदराला पुसत उठली. आत नव्या सेविका होत्या, कर्जतहून येणारी विशीतली हसरी मुलगी. तिनं आमच्यासाठी सतरंजी टाकली आणि अगदी सहज म्हणाली, "सुगंधा, पाहुण्यांना पाणी दे गं." सुगंधानं पाणी आणलं.

सर बसले नाहीत. तांब्या हातात धरून, पाणी न पिता ते बोलले. त्यांना इतक्या हळू बोलताना मी ऐकलं नव्हतं.

"सुगंधाताई, तुमचा फोन चांगला होता. माझाच माइक बंद होता. अख्खं प्रकरण कोणालाच ऐकू गेलं नाही. तुम्ही आलात त्याच दिवशी मला ते कळलं होतं, आणि मी तुम्हाला सांगितलं नाही."

ती आधी माझ्याकडे बघू लागली, सरांना बरं आहे ना, अशा नजरेनं. मग हसली.

"नाय सर, आसं कसं व्हईल? तुमी तर येवढं हात करकरून शिकवत व्हते. माजाच फोन भंगार. आन् हितं रेंज तरी कुठं हाय?"

"मी खरं सांगतोय. चूक माझी आहे."

"जाऊ द्या वो सर. कशाला वाईट वाटून घेता? ह्या बाई पन चांगल्या हायेत." मग सेविकेला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाली, "ह्या रिटायर व्हतील तवा बसंन मी परीक्षेला. काटी टेकत."

सर हसले नाहीत. त्यांनी आणखी एकदा सुरुवात केली, खुंटी, खिसा, वायर असं काही सांगू लागले. ती मान हलवत ऐकत राहिली. सर बोलत होते, म्हणून ती मध्ये बोलली नाही. त्यांचं संपल्यावर म्हणाली, "समजलं सर." आणि आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात पिशवी होती. सकाळीच रानातून खणून काढलेले करांद्याचे कंद होते. उकडून खा म्हणाली, भाभींना सांगा मीठ बेतानं घालायला. सर नको नको म्हणत राहिले. तिनं पिशवी त्यांच्या हातात कोंबली. गुरुजी घरी आले आणि रिकाम्या हातानं गेले, असं वाडीत कोणी केलेलं नव्हतं.

खाली रस्त्यावर मिनीडोर रिक्षा मिळाली. सर माझ्यासमोर बसले, पिशवी मांडीवर. शेजारी बाजाराला निघालेली एक म्हातारी होती. तिनं पिशवीत बोट घालून पाहिलं आणि विचारलं, कुठून आणले?

"एका विद्यार्थिनीनं दिले."

"बगा. आता कोन देतं मास्तरला? चांगलं शिकवलं आसंल तुमी तिला."

वाटेतलं कडाव गाव आलं तशी सरांनी गाडी थांबवायला सांगितली. कडावला त्यांचं काही काम नव्हतं, ओळखीचं कोणी नव्हतं. मीही उतरू लागलो, तर त्यांनी हातानंच बसा अशी खूण केली. गाडी सुटली. मी मागे पाहिलं तेव्हा ते रस्त्याच्या कडेला उभे होते, पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरून, आणि आम्ही आलो होतो त्या बाजूला तोंड करून.